खेळाच्या संगणकाचे भाग केव्हा बदलावेत?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलावयाचे तर विषय संतवाङ्मयाचा असावा, नाट्यसंगीताचा असावा, निदान शिवकालीन इतिहासाचा तरी असावा, असा आपल्याकडे संकेत आहे. आमचा विषय कार्यकारिणीस कळविला तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी तो दोनदा वाचला, असे आमच्या कानी आले. परंतु ज्या प्रश्नापायी आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जेवणाच्या वेळी अबोला धरला जातो, तो प्रश्न मंडळाच्या व्यासपीठाला वर्ज्य मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. प्रश्न असा : मुलांसाठी घेतलेला जो खेळाचा संगणक घरात आहे, त्याचा प्रोसेसर आणि त्याचे ग्राफिक्स कार्ड हे दोन महागडे भाग बदलण्याची वेळ आली आहे किंवा नाही, हे कसे ठरवावे?

आपणां परमुलखातील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या प्रश्नास आणखी एक पदर आहे. आपली मुले शाळेत हिंदी, बंगाली, तमिळ वा इंग्रजी बोलतात. घरात आईवडिलांशी मराठी बोलतात खरी, पण बरोबरीच्या मुलांशी मराठीत भांडावयाचे, चिडवावयाचे, हसावयाचे म्हटले तर सोबती नसतात. रात्री नऊ वाजता कानाला हेडफोन लावून पुण्याचा मावसभाऊ आणि नागपूरची आतेबहीण यांच्यासह एकाच खेळात उतरलेला मुलगा जी मराठी बोलतो, ती कित्येक घरांत त्याची समवयस्कांबरोबरची एकमेव मराठी असते. 'अरे डावीकडून ये ना', 'थांब, मी आलोच' एवढीच ती असेल. पण ती जिवंत असते. संगणक अडखळू लागला की ही मंडळी त्याला वगळून खेळू लागतात. तेव्हा मुलाची मागणी हा केवळ हट्ट आहे असे म्हणून ती उडवून लावता येत नाही. उलटपक्षी, मागितलेली रक्कम मध्यम वेतनाच्या घरात एका महिन्याच्या खर्चाला भिडणारी असते. म्हणून ती डोळे मिटून मान्यही करता येत नाही.

घरोघरी होते काय, तर मुलगा ऐकीव माहितीवर मागतो आणि वडील अज्ञानावर नाकारतात. दोघांपैकी कोणीही यंत्राची तपासणी केलेली नसते. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, हा निर्णय तपासणीवर घेता येतो. ती तपासणी घरच्या घरी, एका संध्याकाळी, एकही पैसा न खर्चता करता येते. आणि ती मुलाने व वडिलांनी मिळून करावी.

प्रथम हे दोन भाग करतात तरी काय, ते पाहू. आमच्या भगिनींना रांगोळीच्या दृष्टान्ताने ते चटकन पटेल. समजा, दिवाळीत दोघी बहिणी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढीत आहेत. थोरली ठिपके मांडते आणि कोणता ठिपका कोणाशी जोडावयाचा ते सांगते. धाकटी रंग भरते. खेळाच्या संगणकात थोरलीचे काम प्रोसेसर करतो. शत्रू कोठे आहे, चेंडू कोठे उडाला, भिंत कशी कोसळली, याचा हिशेब करून तो चित्राचा आराखडा पुढे सरकवतो. त्या आराखड्यात रंग भरून पडद्यावरचा प्रत्येक बिंदू उजळण्याचे धाकटीचे काम ग्राफिक्स कार्ड करते. अशी एक रांगोळी पुरी झाली की पुसावयाची आणि दुसरी काढावयाची, हा क्रम सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा चालतो. एका सेकंदात अशी किती चित्रे पुरी होतात, त्या संख्येला मुले 'एफपीएस' म्हणतात. घरात हा शब्द ऐकू आला तर वडिलांनी दचकण्याचे कारण नाही.

आता या दृष्टान्तातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ठिपके तेवढेच ठेवून रांगोळी मोठी केली, तर थोरलीचे काम फारसे वाढत नाही. धाकटीचे मात्र क्षेत्रफळाच्या हिशेबाने वाढते. नेहमीच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ते ३६,८६,४०० होतात, म्हणजे सुमारे पावणेदोनपट. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४०० बिंदू, म्हणजे बरोबर चौपट. पडदा मोठा घेतला की भार कार्डावर पडतो, प्रोसेसरवर नव्हे. वाढदिवसाला हौसेने मोठ्या रिझोल्यूशनचा मॉनिटर आणावयाचा आणि दुसऱ्या महिन्यात संगणक मंद झाला म्हणून कपाळाला हात लावावयाचा, हा प्रकार यामुळेच घडतो.

दोघींपैकी जी मंद असेल तिच्या वेगाने रांगोळी पुरी होते. थोरली मागे पडली तर धाकटी रंगाची वाटी हातात धरून बसून राहते. अशा वेळी धाकटीला कितीही चपळ साहाय्यक दिला तरी उपयोग शून्य. संगणकाच्या बाबतीत पैसा वाया जातो तो मुख्यतः येथेच : अडचण प्रोसेसरची असते आणि घरात नवे कार्ड येते.

तर मग मंद कोण, हे ओळखावे कसे? मुलाला त्याचा नेहमीचा खेळ लावावयास सांगा. खेळातील गजबजलेला, हटकून अडखळणारा भाग निवडा आणि एफपीएसचा आकडा कागदावर लिहा. बहुतेक खेळांत तो पडद्याच्या कोपऱ्यात दाखविण्याची सोय असते. नसेल तर एमएसआय आफ्टरबर्नरसारखी फुकट मिळणारी साधने आहेत. मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन एकदम खाली आणा, म्हणजेच रांगोळी लहान करा, आणि तोच भाग पुन्हा खेळा. आकडा भरभक्कम वाढला तर धाकटी मंद होती, म्हणजे दोष कार्डाचा. आकडा जागचा हलला नाही तर थोरली मंद आहे, म्हणजे दोष प्रोसेसरचा. थोडासाच वाढून अडला, तर दोघी जवळजवळ बरोबरीच्या आहेत असे समजावे. या परीक्षेस दहा मिनिटे लागतात.

दुसरी खूण म्हणजे कार्डाचा वापर किती टक्के होतो तो आकडा. खेळ चालू असता तो ९५ च्या वर असेल तर कार्ड आपल्या पूर्ण शक्तीने राबत आहे. हा आकडा पाहून मुले घाबरतात, कार्ड आता मोडणार असे त्यांना वाटते. घाबरण्याचे काही कारण नाही. ते राबण्यासाठीच घेतलेले आहे. प्रोसेसरचा एकंदर आकडा मात्र फसवा असतो. त्याच्या पोटात सहा-आठ कामकरी असतात आणि खेळाचे मुख्य ओझे पुष्कळदा एकाच्याच डोक्यावर असते. तो एकटा घामाघूम झालेला असताना सरासरी चाळीस टक्के दिसते, आणि प्रोसेसर निवांत आहे असा गैरसमज होतो. कचेरीत काम केलेल्या कोणासही हे अधिक फोड करून सांगावयास नको.

दोष कोठे आहे हे कळले म्हणजे लगेच बाजार गाठावा, असे नाही. दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कलकत्त्याची चांदणी, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, ही आपली तीर्थस्थाने कोठे पळून जात नाहीत. त्याआधी पाच बिनखर्चाचे किंवा अल्पखर्चाचे उपाय करावेत. पहिला : मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला जोडली आहे की मदरबोर्डाला, हे मागे वाकून पाहावे. बदलीनंतर सामान सोडताना ती पुष्कळदा चुकीच्या जागी लागते आणि महागडे कार्ड पेटीत झोप काढीत राहते. दुसरा : मॉनिटर १४४ हर्ट्झचा असूनही विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवलेला नाही ना, हे पाहावे. तिसरा : रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावावी, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, आणि ३२०० च्या वेगाची पट्टी बायोसमधील सेटिंग न केल्यामुळे २१३३ ने चालत नाही ना, तेही पाहावे. चौथा : धूळ झाडावी. प्रोसेसर ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेला की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. नागपूर, झाशी, जयपूर अशा गावी मे महिन्यात खोलीच जेथे चाळिशीला टेकते, तेथे पंख्यांच्या पात्यांवर बसलेला धुळीचा थर हा प्रोसेसरच्या वयापेक्षा मोठा शत्रू असतो. पाचवा : छाया, प्रतिबिंबे यांसारखी डोळ्यांना फारशी न जाणवणारी सजावट एक पायरी खाली आणावी. शिवाय चित्र लहान आकारात काढून मग मोठे करण्याची जी युक्ती आहे, एनव्हीडियाच्या कार्डांवर 'डीएलएसएस' आणि २०२१ पासून जुन्या कार्डांवरही चालणारी एएमडीची 'एफएसआर', तीही वापरून पाहावी. या पाच उपायांनी जेथे काम भागेल, तेथे प्रश्न त्याच संध्याकाळी मिटला असे समजावे.

न भागले तर निर्णय घ्यावा लागतो. येथे आम्ही आमच्या जन्माच्या सोबत्याकडे, म्हणजे सरकारी नियमपुस्तकाकडे, वळतो. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१ व्या नियमाचा आशय असा की, साधारण शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्चताना जी दक्षता घेतो, तीच अधिकाऱ्याने सरकारी पैसा खर्चताना घ्यावी. आणि खर्च प्रसंगाच्या गरजेपेक्षा अधिक नसावा. नियमकर्त्यांनी गृहीत धरले की, मनुष्य स्वतःच्या पैशाच्या बाबतीत तरी दक्ष असतो. प्रत्यक्षात कचेरीत दोनशे रुपयांच्या खर्चाला तीन सह्या मागणारा गृहस्थ घरी एक तर चिडून शून्य देतो, किंवा कंटाळून चाळीस हजार देतो. त्याच पुस्तकातील २१७ वा नियम जुन्या वस्तूंविषयी आहे. वस्तू अतिरिक्त आहे, कालबाह्य आहे की निरुपयोगी आहे, हे ठरवावे आणि ती खरेदी करण्याचा अधिकार ज्याचा, त्याने कारणे लेखी नोंदवावीत, असे तो सांगतो. घरच्या संगणकाला ही कसोटी उत्तम लागू पडते.

निरुपयोगी म्हणजे बिघडलेले. कार्ड जळाले, पडद्यावर चट्टे येऊ लागले. येथे वाद नाही. कालबाह्य म्हणजे जे धडधाकट आहे, पण नवा खेळ किंवा नवी प्रणाली ज्याला दारातच अडविते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मधील 'डूम : द डार्क एजेस' हे खेळ प्रकाशकिरणांचा मार्ग मोजणारी 'रे ट्रेसिंग'ची यंत्रणा कार्डात असल्याशिवाय चालत नाहीत. एनव्हीडियाच्या कार्डांत ती यंत्रणा २०१८ च्या आरटीएक्स मालिकेपासून आली. त्याआधीच्या जीटीएक्स १०६० ला सेटिंग कितीही खाली आणली तरी प्रवेश नाही. प्रोसेसरच्या बाजूनेही असाच एक उंबरठा आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणतः आठवी पिढी किंवा एएमडीची रायझेन २००० मालिका, अथवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. अतिरिक्त म्हणजे मुलगा वसतिगृहात गेला, खेळणारे कोणी उरले नाही आणि यंत्र धूळ खात आहे.

घरातील बहुतेक तंटे मात्र चौथ्या वर्गातील असतात. यंत्र चालते, खेळही चालतो, पण कमी पडते. नियमपुस्तकात याला नाव नाही. आपण त्याला 'अपुरे' म्हणू. येथे आकड्यांचा आधार घ्यावा. सेकंदाला ३० चित्रे म्हणजे दर चित्राला ३३.३ मिलिसेकंद, ६० म्हणजे १६.७, १४४ म्हणजे ६.९. यातील मेख लक्षात घ्या. ४० वरून ६० वर गेलात तर दर चित्रामागे ८ मिलिसेकंदांहून अधिक वाचतात आणि फरक कोणाच्याही डोळ्यांस दिसतो. १४४ वरून १६४ वर गेलात तर एक मिलिसेकंदही वाचत नाही. दोन्ही ठिकाणी वाढ वीस चित्रांचीच! म्हणून 'नव्या कार्डाने वीस एफपीएस वाढतात' हे वाक्य ऐकले की 'कितीवरून?' हा प्रश्न वडिलांनी अवश्य विचारावा. सरासरीबरोबर सर्वांत वाईट क्षणांचा आकडाही पाहावा. सरासरी ९० असून मधूनच २५ वर कोसळणारा खेळ, संथपणे ५५ वर चालणाऱ्या खेळापेक्षा अधिक त्रासाचा असतो.

आमचा स्वतःचा दंडक असा आहे. बिनखर्चाचे उपाय संपल्यानंतर, मुलगा खरोखर आठवड्यातून तीन-चार दिवस जो खेळ खेळतो, तो ६० च्या खाली रेंगाळत असेल आणि नव्या भागाने निदान दीडपट वाढ होणार असेल, तर वेळ आली आहे. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल तर वेळ आलेली नाही. नवे मॉडेल जाहीर झाले, वर्गमित्राकडे आले, किंवा आपल्या कार्डाचा क्रमांक आता जुना दिसतो, ही कारणे नोंदवहीत लिहून पाहावीत. लिहिताना आपले आपल्यालाच हसू येते. क्रमांकाचे म्हणाल तर २०२१ च्या आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी स्मृती होती आणि २०२३ च्या ४०६० वर ८ जीबी. नवे कार्ड वेगाने सरस आणि विजेला बेताचे, १७० वॅटऐवजी ११५ वॅटचे होते. पण स्मृतीत उणे होते. मोठा क्रमांक सर्व बाबतींत मोठा असतोच असे नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २०१७ साली दोन शेजाऱ्यांनी खेळाचे संगणक घेतले असे समजा. दोघांकडे कार्ड तेच, आदल्या वर्षी निघालेले जीटीएक्स १०६०. एकाने इंटेलचा कोअर आय-५ ७४०० घेतला, चार कामकऱ्यांचा. दुसऱ्याने एएमडीचा रायझेन ५ १६०० घेतला, सहा कामकऱ्यांचा. त्या दिवशी दोघांचे खेळ जवळजवळ सारखेच चालत होते. पुढे कालमान बदलले आणि चार कामकरी कमी पडू लागले. पहिल्या शेजाऱ्याने पाहिले तो इंटेलच्या आठव्या पिढीला खोबण तीच, पण त्याचा मदरबोर्ड तो प्रोसेसर स्वीकारीत नाही. प्रोसेसर बदलावयाचा म्हणजे मदरबोर्ड आणि बहुधा रॅमही बदलणे आले. दुसऱ्याची खोबण एएम-४ ची. २०२२ मध्ये एएमडीने त्याच्या जुन्या बोर्डांनाही रायझेन ५००० मालिकेची वाट मोकळी केली. बोर्डाच्या कंपनीने बायोसची सुधारणा दिली असेल तर तेवढी करून तो केवळ प्रोसेसर बदलून मोकळा होऊ शकला, आणि विंडोज ११ चा उंबरठाही ओलांडू शकला. एकाच वर्षी, जवळजवळ एकाच किमतीला घेतलेली ही दोन यंत्रे. पण एकास निवाडा 'पाया बदला' असा, तर दुसऱ्यास 'खांब बदला' असा. म्हणून शेजारच्याने काय केले, यावरून आपला निर्णय करू नये. आपल्या बोर्डाच्या कंपनीच्या यादीत कोणकोणते प्रोसेसर चालतात, ते आधी वाचावे.

कार्ड बदलणे त्या मानाने सोपे. जुने काढून नवे बसविले की झाले, असे वाटते. तरी तीन मापे घ्यावीत. पेटीत कार्डाच्या लांबीइतकी जागा आहे काय? वीजपुरवठ्याचा डबा पुरेशा वॅटचा आहे काय? २०२५ च्या आरटीएक्स ५०९० सारखे अजस्र कार्ड एकटेच ५७५ वॅटपर्यंत खाते. आणि लहान गावी ज्याच्यावाचून चालत नाही, तो यूपीएस पुरेल काय? घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. कार्ड नवे आणि यूपीएस जुना असला, तर वीज जाताच तो माना टाकतो. हा खर्चही अंदाजपत्रकात आधीच धरावा. मागाहून येणारी पुरवणी मागणी कोणत्याच अर्थखात्याला आवडत नाही.

राहता राहिला बाजार. २०२० ते २०२२ या काळात टाळेबंदीची मागणी आणि इथेरियम या आभासी चलनासाठी चाललेले खाणकाम यांमुळे कार्डे छापील किमतीला मिळेनाशी झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, ते खाणकाम थांबले आणि भाव उतरले. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीच्या चिप उचलल्यामुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले. यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. केवळ 'कमी पडते' एवढेच कारण असेल तर महागाईच्या लाटेत थांबावे. आणि निर्णय झाला असून भावही रास्त असतील, तर पुढच्या मॉडेलच्या बातम्या वाचीत बसू नये. पुढचे मॉडेल नेहमीच येणार असते.

थांबण्यालाही किंमत आहे, हे आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. पंचवीस हजारांचे कार्ड चार वर्षे वापरले तर महिन्याला सुमारे ५२१ रुपये पडतात. तेच कार्ड 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणत तीन वर्षे लांबविले आणि मुलगा बारावीनंतर शिकावयास बाहेर पडला, तर ते एका वर्षापुरते उरते आणि महिन्याला दोन हजारांहून अधिक पडते. आपल्यासारख्यांची मुले अठराव्या वर्षी घर सोडतात ती बहुधा पाहुणी म्हणूनच परत येतात. चौदाव्या वर्षीची मागणी सतराव्या वर्षी मंजूर करणे, हा काटकसरीचा प्रकार नव्हे. दहावी-बारावीचे वर्ष असेल तर थांबण्यास ते सबळ कारण आहे. पण मग तेच कारण उघड सांगावे, कार्डाच्या किमतीआड लपू नये.

यास्तव आमची एक सूचना आहे. मुलाला किंवा मुलीला एका पानाची टिपणी लिहावयास सांगा, आणि ती मराठीत लिहावयास सांगा. कोणता खेळ, किती दिवस खेळतो, कोणत्या रिझोल्यूशनवर किती एफपीएस, रिझोल्यूशन उतरविल्यावर किती, पाच उपायांपैकी कोणते केले, दोष कोणत्या भागाचा, बदलासाठी आणखी काय काय लागेल, एकूण खर्च किती, आणि जुन्या भागाचे काय करणार. वडिलांनी ती वाचून खाली शेरा द्यावा. मंजूर असेल तर मंजूर. नामंजूर असेल तर कारण आणि फेरविचाराची तारीख. नुसते 'नाही' ऐकलेला मुलगा रुसतो. सकारण 'दिवाळीनंतर' वाचलेला मुलगा दिवाळीची वाट पाहतो. आमच्या परिचयाच्या एका घरी अशी टिपणी लिहिता लिहिताच मुलीच्या ध्यानात आले की, अडचण कार्डाची नसून रॅमच्या एकुलत्या पट्टीची आहे. तिने मागणी स्वतःच मागे घेतली आणि एका पट्टीवर समाधान मानले. वडील त्या दिवशी तिच्याकडून प्रथमच 'एफपीएस' म्हणजे काय ते शिकले, हा लाभ वेगळाच.

शेवटी, जुन्या भागांविषयी. १४४० च्या पडद्याला अपुरे पडलेले कार्ड १०८० च्या पडद्याला वर्षानुवर्षे पुरते. एका घरची अडगळ दुसऱ्या घरी चैन ठरते. आपल्या मंडळात शाळेची पुस्तके एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेकडे हातोहात जातात, तसेच हे भागही जावेत. मंडळाच्या ग्रंथालयात एक वही ठेवावी. देणाऱ्याने भागाचे नाव, खरेदीचे वर्ष आणि तपासणीचा आकडा लिहावा, घेणाऱ्याने सही करावी. जे खरोखरीच मेलेले असतील ते भंगारवाल्यास न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडे पाठवावेत. ही वही या महोत्सवी वर्षातच सुरू व्हावी, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. पहिली नोंद करण्यास आमच्या घरचे एक जीटीएक्स १०६० सिद्ध आहे. झाडून-पुसून, तापमान मोजून, आकडे लिहून ठेवले आहे.

बालमित्रांपैकी कोणास टिपणीचा नमुना हवा असेल तर तो कार्यक्रमानंतर आमच्याकडून घ्यावा.